पट्टीच्या रंगातला शब्द

तो गेला तो सोमवार होता. सकाळी त्यानं संगणक सुरू केला आणि चहा मागितला. मी चहा घेऊन आले तेव्हा तो खुर्चीत होता आणि गेला होता. डॉक्टर आले, शेजारी आले, दुपारी गडहिंग्लजहून त्याचा भाऊ आला. सगळं आटोपून परतलो तेव्हा संगणक सुरूच होता. तो मी बंद केला.

पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. माझा नवरा लोकांसाठी इंटरनेटवरची पानं तयार करायचा: शाळा, वाचनालयं, व्यापारी. बहुतेक सगळी मराठीत. ती आता कोण बघणार, असं लोक विचारत. मी बघेन, म्हणून सांगितलं. मला त्यातलं सगळं येत नव्हतं. पण मी आयुष्यभर मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे एका ओळीखाली बोट ठेवून ती कळेपर्यंत पुढं न जाण्याची सवय आहे. त्याची पानं मी तशीच वाचली. वरून दिसणारी नव्हेत, त्यांच्या आत लिहिलेली.

प्रत्येक पानाच्या सुरुवातीला प्रश्न होते. पान उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ब्राउझरला, विचारलेले. तुला हे येतं का? येत असेल तर असं कर. येत नसेल तर तसं कर. एकाही पानात त्यानं ब्राउझरला त्याचं नाव विचारलेलं नव्हतं. हे मला नवीन नव्हतं. त्यावर तो बरंच बोललेला होता. पण ते ओळीमागून ओळ लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचत होते.

आमची ओळख लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मराठीत एम. ए. करून मुद्रितशोधनाचं काम धरलं होतं. तो टाइप करायचा आणि बिघडलेली यंत्रं उघडून बसायचा. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या. मी खुणा करून कागद त्याच्याकडे पाठवायची आणि तो दुरुस्त करून माझ्याकडे. बोलणं सुरू व्हायच्या आधी बराच काळ आमचा व्यवहार समासातल्या खुणांमधूनच चालला. जयसिंगपूरच्या अडत दुकानदाराची मुलगी म्हणून तो मला शेठाणी म्हणू लागला, तेव्हा मला कळलं की त्यानं माझी चौकशी केलेली आहे.

आम्ही जैन. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा, माझे वडील, काही बोलले नाहीत. त्यानंतरही बोलले नाहीत. अण्णा दुकानात असले की आई फोन करायची आणि ते यायच्या सुमाराला ठेवून द्यायची.

आमच्यात पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्यासमोर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. समोरच्यानंही तेच म्हणायचं. कोण कमी, कोण जास्त असा प्रश्न त्यात नाही. अण्णा हे मनापासून पाळत. ज्या व्यापाऱ्याशी त्यांची कोर्टात केस चालू होती त्याच्या दुकानातही ते त्या दिवशी जाऊन येत आणि दुसऱ्या दिवशी केसच्या तारखेला हजर राहत. लग्नानंतर दर वर्षी त्या दिवशी मी घराबाहेर पडत नसे. फोन घरात होता.

घर मिळणंही सोपं नव्हतं. घरमालक आधी चहा देत, मग विचारत, "आडनाव काय म्हटलं, पावणं?" तो सरळ सांगायचा. मग खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी राजारामपुरीत एका निवृत्त नर्सबाईंनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. त्यांनी एकच विचारलं, "पाणी वाया घालवत न्हाईसा न्हवं?" जिना उतरताना तो म्हणाला, "ह्या बाईनं बरोबर विचारलं."

काही वर्षांनी त्यानं डीटीपी सोडलं आणि त्याच खोल्यांतून इंटरनेटची कामं घ्यायला लागला. तेव्हा मुख्यतः दोन ब्राउझर चालत. एकाला जे येई ते दुसऱ्याला येत नसे. म्हणून लोक पानाच्या सुरुवातीलाच ब्राउझरला नाव विचारत. अमुक असशील तर आत ये, नसशील तर दुसरा ब्राउझर घेऊन ये, अशी पाटी लावत. ह्याला ते बघवत नसे. शिवाय नावं खरी नसत. आत घ्यावं म्हणून एका कंपनीचा ब्राउझर दुसरीचं नाव सांगायचा. पुढं नवीन आलेलेही तेच नाव सांगायला लागले. हे त्याला कळलं त्या दिवशी तो हसत स्वयंपाकघरात आला.

"शेठाणी, बघ. ह्यांनी पण आडनाव बदललं."

"कुणी?"

"ब्राउझरनी. सगळीच एक आडनाव सांगत्यात. खोली मिळावी म्हणून."

मी पोळ्या करत होते. तो दारात उभा राहून काही वेळ हसला आणि मग परत जाऊन बसला.

मराठीची अडचण आणखी वेगळी होती. तोपर्यंत प्रत्येक पानाला वाचणाऱ्याच्या संगणकावर आपापला फाँट लागायचा. तो नसेल तर पानावर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसायचा. मग युनिकोड आलं. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक. त्यामुळे कचरा थांबला, पण काही संगणकांना अक्षरं माहीत होती आणि ती जोडता येत नव्हती. 'क्ष' लिहिला की आधी पाय मोडलेला क दिसायचा आणि शेजारी सुटा ष. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसायची. मुद्रितशोधकाला असं पान बघणं शक्य नाही. मी त्याला सांगितलं, जिथं जोडता येत नसेल तिथं अक्षरांऐवजी मजकुराचं चित्र पाठव.

"पाठवतो की. पण जोडता येतंय का न्हाई, मला हितं बसून कसं कळणार?"

"विचार त्याला. सगळं विचारतोस."

"ह्याला उत्तर न्हाई त्याच्याकडं. त्याला वाटतं आपण बरोबरच लिहितोय." तो पेन्सिल टेबलावर आपटत राहिला. मग म्हणाला, "तोंडानं विचारून उपयोग न्हाई. लिहायला लावायचं आणि बघायचं."

"बघणार कोण?"

"मोजायचं. तुटलेला शब्द जादा जागा खातोय न्हवं?"

हे खरं होतं. जोडलेला क्ष आटोपशीर बसतो, तुटलेला पसरतो. पान उघडलं की आधी एक शब्द लिहायचा, त्याची रुंदी मोजायची, आणि त्यावरून ठरवायचं की अक्षरं दाखवायची की चित्र. त्यानं माझ्याकडे शब्द मागितले. लहान हवा, एकच जोडाक्षर हवं. मी क्षण सांगितला, क्षमा सांगितला, क्षेत्र सांगितला. क्षेत्रात दोन जोडाक्षरं, म्हणून तो बाद. उरलेल्या दोनांतून त्यानं क्षमा घेतला.

शब्द वाचणाऱ्याला दिसायला नको होता. पानाच्या वरच्या बाजूला गडद निळी पट्टी असायची. तिच्या उजव्या कोपऱ्यात त्यानं तो शब्द त्याच निळ्या रंगात लिहिला. पट्टीवर पट्टीच्याच रंगाचं अक्षर. डोळ्याला काही नाही, पण ब्राउझरला तो लिहावा लागायचा, आणि लिहिला की मोजता यायचा.

पहिलं पान गारगोटीच्या एका शाळेचं होतं. ते तपासायला आम्ही एसटीनं गारगोटीला गेलो. आपल्या संगणकावर चाललं म्हणजे झालं, असं तो मानत नसे. स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत तो एका संगणकावर पान उघडायचा, बघायचा, उठायचा आणि शेजारच्यावर बसायचा. कॅफेवाल्याला ते चमत्कारिक वाटलं.

"पावणं, मशीन चालंना व्हय?"

"चालतंय की."

"मग फिरायलासा कशाला? सगळीकडं एकच पान उघडलंय तुमी."

"क्ष बघतोय."

कॅफेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "कुठलं म्हणायचं पावणं?" त्यानं विचारलं.

"गडहिंग्लज."

"गडहिंग्लजात कुठं?"

"स्टँडजवळ," तो म्हणाला आणि पुढच्या संगणकावर जाऊन बसला. स्टँडजवळ त्यांचं घर नव्हतं. परत येताना एसटीत तो म्हणाला, कोपऱ्यातल्या मशीनला जोडता येत न्हाई, पण चित्र बरोबर आलं.

ते पान बघून जयसिंगपूरच्या व्यापारी संघाचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. त्यांना रोजचे बाजारभाव मराठीत हवे होते. ते ऐसपैस बसले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अण्णांच्या कन्या न्हवं तुमी? ते बी हाईत आमच्या संघात."

"त्यांना विचारलंत का?"

"विचारलं की."

"काय म्हणाले?"

"काय बी म्हणाले न्हाईत."

काम आम्ही घेतलं. दुपारी संघाकडून भाव येत, तो ते पानावर चढवी. त्याच्या आधी मी मराठी तपासून देत असे. हरभरा, शेंग, हळद, गूळ. जयसिंगपुरात कुठल्या दुकानात कोण ते पान बघतं हे आम्हांला कळायचा मार्ग नव्हता. पण ते अण्णांच्या दुकानात उघडत असणार, हे मला रोज ठाऊक असे. माझ्या हातून गेलेलं काहीतरी त्यांच्यासमोर पोचतं. त्यात मी नव्हते, भाव होते. तरी मी ती यादी गरजेपेक्षा सावकाश तपासत असे.

वर्ष गेलं. क्षमावाणीच्या दिवशी मी घरी होते. जयसिंगपूरकडून येणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरची वेळ होऊन गेली होती. दार वाजलं आणि त्यानं उघडलं. मी आतून विचारलं, "कोण आहे?" आणि बाहेर आले. दारात अण्णा होते. हातात घडी केलेला कागद होता.

"येऊ काय?" ते त्याला म्हणाले.

"या की, मामा."

सासऱ्याला मामा म्हणायची रीत आमच्या भागात सगळ्यांचीच. त्याला ती वापरायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. अण्णा खुर्चीच्या कडेला बसले आणि त्यांनी कागद उलगडला. भावांचं पान होतं ते, छापलेलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'क्षमा' होतं.

अण्णा संगणकासमोर बसत नसत. त्यांचे दिवाणजी रोज दुपारी पान कागदावर छापून त्यांच्या गादीवर नेऊन ठेवत. हे आम्हांला माहीत नव्हतं. ब्राउझर कागदावर छापताना शाई वाचवायला मागचा रंग सोडून देतो आणि अक्षरं तेवढी छापतो. पट्टी गेली होती, शब्द राहिला होता. रोज. आम्ही दोघं छापखान्याच्या कामातून आलेली माणसं. त्यानं सगळ्या पडद्यांना सगळं विचारलं होतं, आणि कागदाला विचारायचं राहिलं होतं.

"दिवाणजी म्हणतोय मशीन चुकतंय," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, मशीन रोज एकाच जागी, शुद्ध कसं चुकंल?" मग त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "माणूस रोज क्षमा मागतोय आणि मी भाव बघून कागद बाजूला सारतोय. हे काय बरं न्हवं. तुझी क्षमा मला पोचली. तेवढं सांगायला आलोय."

मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं गप्प राहावं, एवढंच मला हवं होतं. त्याला काही खोटं बोलायचं नव्हतं, फक्त काही बोलायचं नव्हतं. मला काय हवंय ते त्याला दिसलं, हे मला माहीत आहे.

"मामा," तो म्हणाला, "मी क्षमा मागितलेली न्हाई."

"मग हे काय हाय?"

"मोजमाप हाय." त्यानं सगळं सांगितलं. पाय मोडलेला क, सुटा ष, रुंदी, पट्टी, कागद. अण्णा व्यापारी होते. मापाची गोष्ट त्यांना लगेच कळली.

"म्हंजे माझ्यासाठी न्हवं."

"न्हाई. मागावी असं मी काय केलेलं न्हाई. तुमच्या पोरीला विचारलं, ती व्हय म्हटली, लगीन केलं."

अण्णांनी कागदाची घडी घातली. मग पुन्हा उलगडली. ते आता उठतील असं मला वाटलं. त्यांच्या टोपीला पंख्याचा वारा लागत होता आणि ते ती दोन बोटांनी धरून बसले होते.

"मग काय निघालं मोजून?" त्यांनी विचारलं. "माझ्या दुकानात?"

"हे बघा, कागदावर जोडलंय. तुमच्याकडं चांगलं जोडतंय."

"आणि तुटलं असतं तर? पान बंद ठेवलं असतंस?"

"न्हाई. दुसऱ्या रीतीनं पाठवलं असतं. मी पान कुणालाच बंद ठेवत न्हाई."

अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "पाणी दे." हे ते मला नाही, त्याला म्हणाले. तो आत गेला आणि तांब्या-भांडं घेऊन आला. अण्णा पाणी प्याले. भांडं खाली ठेवलं आणि बसल्या जागी हात जोडले.

"उत्तम क्षमा," ते त्याला म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "उत्तम क्षमा," मी म्हणाले. मग त्यानंही हात जोडले आणि माझ्यामागून म्हटलं.

जेवायला ते थांबले नाहीत. जिन्यापर्यंत पोचवायला आम्ही गेलो. तो म्हणाला, "उद्या काढतो तो शब्द. कागदावर येणार न्हाई आता."

"काढू नको," अण्णा म्हणाले. "दिवाणजीला सवय झालीया."

"चूक हाय ती, मामा."

"असू दे की. आमच्या पेठेत दोघं भाऊ हाईत, एकमेकाचं तोंड बघत न्हवते. त्यांच्याकडंबी कागदच येतोय. ह्यो म्हणतोय त्यानं संघाला सांगून छापून घेतलंय, त्यो म्हणतोय ह्यानं. परवा एका टेबलावर चहा पीत हुते. तू काढलास तर दोघंबी तुझ्या नावानं बोंब मारतील." आणि जिना उतरता उतरता, मागं न बघता, मला म्हणाले, "वाळलीस."

तो शब्द त्यानं काढला नाही. बाकीच्या सगळ्या पानांत दुरुस्ती केली. मोजून झालं की शब्द पुसला जाई. जयसिंगपूरच्या पानात तेवढा तसाच ठेवला. तपासणी करणारा माणूस म्हणून त्याला ते खटकायचं. त्यावरून तो अधूनमधून मला म्हणायचा, "शेठाणी, तुझ्या वडलांनी मला चुकीचं काम करायला लावलं." पुढच्या क्षमावाणीला घरातला फोन वाजला. मी उचलला. अण्णा म्हणाले, "त्याला दे."

काही वर्षांनी अण्णा गेले. त्यानंतर तो गेला. त्याची पानं मी सांभाळते ती अशी, की त्यात फारसं काही करावं लागत नाही. मधल्या काळात ब्राउझर बदलले, काही नाहीसे झाले. ज्यांनी नावं विचारली होती त्यांची पानं बंद पडली. तिथं अजून, जगात न उरलेला ब्राउझर घेऊन या, अशी पाटी दिसते. त्याची उघडतात. आता सगळ्यांनाच क्ष जोडता येतो, त्यामुळे मोजायची गरज राहिलेली नाही. तरी पान उघडलं की शब्द लिहिला जातो, मोजला जातो आणि उत्तर तेच येतं.

क्षण घेतला असता तरी मोजमाप तेच आलं असतं. त्यानं क्षमा का घेतला, हे मी त्याला विचारलं नाही. आम्ही एकाच घरात राहत होतो आणि दर वर्षी क्षमावाणीला मी फोनजवळ बसते हे तो बघत होता. पण तो सहज बोट ठेवूनही शब्द निवडायचा. मी ह्यापुढं जात नाही.

मागे संघातल्या नवीन माणसाचा फोन आला होता. भाव आता मोबाइलवर जातात. जुनं पान नुसतं ठेवलेलं आहे. तो म्हणाला, "मॅडम, जुनं पान आवरायला घेतलंय. वर एक शब्द उगाच पडलाय. काढू काय?"

"राहू द्या," मी म्हणाले.

"दिसत तर न्हाई तो."

"हो."

पान अजून आहे. त्यावरचे भाव जुने आहेत. पडद्यावर वरच्या बाजूला निळी पट्टी दिसते. कागदावर छापलं तर पट्टी येत नाही, शब्द येतो.